डिस्प्ले उपाशी, रेग्युलेटर तुपाशी

तुमच्या वर्गातल्या फायनल इयर प्रोजेक्टांची यादी काढा. स्मार्ट इरिगेशन, स्मार्ट डस्टबिन, स्मार्ट हेल्मेट... काहीतरी 'स्मार्ट' असणारच. आत बहुधा एक अर्डुइनो, एक सेन्सर आणि आकडे दाखवणारा छोटासा डिस्प्ले. एक्झामिनर टेबलासमोर उभे असेपर्यंत तो झकास चालतो, कारण मागे लॅपटॉपची यूएसबी केबल लागलेली असते. आता तोच डबा केबलमधून सोडवा आणि लाखांदूर नाहीतर पवनीकडच्या एखाद्या घरात, धानाच्या कोठीत, सेलवर ठेवून या. दोन दिवसांनी घरून फोन येईल, "हे त बंद पडलं गा."

मग दोष कोणाला दिला जातो? डिस्प्लेला. "स्क्रीन बॅटरी खाते," हे आपण मोबाईलवरून शिकलोय. पण या छोट्या एलसीडीच्या बाबतीत ते खरं नाही. हिशोब मांडला तर खादाड भलताच निघतो: पाच व्होल्टचे सव्वातीन करून डिस्प्लेला देणारा तो चिमुकला, चार-पाच रुपयांचा पार्ट. प्रोजेक्ट रिपोर्टच्या ब्लॉक डायग्राममध्ये त्याच्यासाठी 'पॉवर सप्लाय' असा एक चौकोन असतो आणि व्हायवात त्यावर फारसं कोणी विचारत नाही. आज त्याच चौकोनात शिरू या.

आधी डिस्प्ले कोणता ते ठरवू. हॉबीवाल्यांचा लाडका म्हणजे नोकिया ५११०चा. हा फोन १९९८ साली आला होता, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधी. फोन गेला, पण त्याचा ८४ बाय ४८ ठिपक्यांचा पडदा मॉड्यूलच्या रूपात अजूनही विकला जातो. नागपूरला सीताबर्डीत मिळेल, नाहीतर ऑनलाइन. त्यातल्या पीसीडी ८५४४ या चिपला हवे असतात २.७ ते ३.३ व्होल्ट. आणि करंट? बॅकलाइट बंद असेल तर फक्त ०.३ मिलिअँपिअरच्या आसपास. तुलनेसाठी सांगते, तुमच्या अर्डुइनो उनो बोर्डाला काहीही काम न करता ४५ ते ५० मिलिअँपिअर लागतात. डिस्प्लेच्या दीडशे पट!

इतक्या कमी विजेवर पडदा चालतो, कारण तो स्वतः प्रकाश पाडतच नाही. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो, व्होल्टेज दिलं की त्याचे रेणू वळतात आणि येणारा प्रकाश अडतो किंवा पुढे जातो. प्रत्येक ठिपका हा जवळजवळ एक छोटा कपॅसिटर. ओएलईडीचं तसं नाही. तिथे पेटलेला प्रत्येक ठिपका हा एक दिवाच असतो, म्हणून पाऊण-एक इंचाचा ओएलईडीसुद्धा १०-२० मिलिअँपिअर सहज ओढतो. दिसायला तो भारी, मान्य. पण महिनोन् महिने सेलवर चालवायचं असेल तर त्याचं नाव काढू नका.

द्रवस्फटिकांचा विषय निघालाच आहे तर आपल्या विद्यापीठाची एक गोष्ट सांगायलाच हवी. भंडाऱ्याची कॉलेजं ज्या नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथूनच १९५१ मध्ये शिवरामकृष्ण चंद्रशेखर नावाचा विद्यार्थी भौतिकशास्त्रात एमएस्सी झाला, तोही पहिल्या क्रमांकाने. सी. व्ही. रामन यांचा हा भाचा. (नोबेलवाले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वेगळे, ते रामन यांचे पुतणे. घराणंच तसं!) याच चंद्रशेखरांनी १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासोबत चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोवर लांबट, काडीसारख्या रेणूंचेच माहीत होते. पुढे अशा चकत्यांच्या फिल्म एलसीडी पडद्यांवर लागल्या, पडदा तिरक्या कोनातूनही नीट दिसावा म्हणून. ५११०च्या साध्या पडद्यात त्या नाहीत. पण पुढच्या वेळी व्हायवात "एलसीडी म्हणजे काय" विचारलं, तर हे सांगून बघा.

पाचाचे सव्वातीन: कोण किती खातं?

तर मुद्दा असा की डिस्प्लेला ३.३ व्होल्ट हवेत आणि आपल्याकडे आहेत पाच. कमी कसे करायचे?

सगळ्यांच्या डोक्यात पहिला येतो तो रेझिस्टर डिव्हायडर. बारावीच्या फिजिक्समधला. वर १ किलोओहम, खाली २ किलोओहम, मधून तार काढली की ३.३३ व्होल्ट. मल्टिमीटर लावला, बरोब्बर आकडा आला, काम झालं. पण मीटर करंट घेत नाही आणि डिस्प्ले घेतो. हे दोन रेझिस्टर लोडसाठी ६६७ ओहमच्या एका रेझिस्टरसारखे वागतात. डिस्प्लेने ०.३ मिलिअँपिअर घेतले की ०.२ व्होल्ट पडतात, उरतात ३.१३. गंमत म्हणजे एवढ्यावर तो चालतो! म्हणूनच हा जुगाड इतका फसवा आहे. रात्री बॅकलाइट लावला, करंट दहा मिलिअँपिअरकडे गेला, की व्होल्टेज कोसळतं आणि पडदा कोरा. त्यात डिस्प्ले असो वा नसो, ते दोन रेझिस्टर चोवीस तास १.६७ मिलिअँपिअर पीत बसतात. ज्याला जेवायला वाढायचं, त्याच्या पाचपटीहून जास्त वाढपीच खातोय.

दुसरा जुगाड डायोडचा. एका सिलिकॉन डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात, मग दोन लावले की ३.६, असं तोंडी गणित केलं जातं. ते ०.७ असतात १०-२० मिलिअँपिअरला. आपल्या ०.३ला जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्टच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे डिस्प्ले झोपेत गेला, करंट आणखी घटला, की त्याच्यापर्यंत उलट जास्त व्होल्ट पोचतात. घाईत, एका संध्याकाळपुरतं ठीक आहे. कोठीत ठेवायच्या डब्यासाठी नको.

आता येतो आपला हिरो-कम-व्हिलन, एएमएस १११७-३.३. लाखो मॉड्यूलवर हा बसलेला असतो. लिनिअर रेग्युलेटर, आऊटपुट पक्कं ३.३, ८०० मिलिअँपिअरपर्यंत द्यायची ताकद. स्वस्त, सरळ, सगळीकडे मिळणारा. मग बिनसतं कुठे?

दोन ठिकाणी. एक म्हणजे त्याला स्वतः जिवंत राहायलाच साधारण ५ मिलिअँपिअर लागतात. डेटाशीटमध्ये 'क्विसेंट करंट' या ओळीत ते लिहिलेलं असतं, जी ओळ आपण स्क्रोल करून पुढे जातो. ५ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-अवर. २००० मिलिअँपिअर-अवरचा सेल घ्या, डिस्प्ले काढून टाका, कंट्रोलर काढून टाका, फक्त रेग्युलेटर जोडून ठेवा. सोळा-सतरा दिवसांत सेल खल्लास, एक अक्षरही न दाखवता.

दुसरं, त्याला डोक्यावर मोकळी जागा लागते. ३.३ द्यायचे तर इनपुट किमान ४.३-४.४ हवं. पूर्ण भरलेला १८६५० लिथियम सेल असतो ४.२ व्होल्टचा. म्हणजे पहिल्या मिनिटापासूनच पूर्ण ३.३ मिळत नाहीत. सेल उतरत ३.७वर आला की पलीकडे २.७, डिस्प्लेची शेवटची पायरी. सेलमध्ये अजून निम्म्याच्या आसपास चार्ज शिल्लक असतो आणि आपण म्हणतो, सेल बोगस निघाला. (बोगस सेलही असतात, ते वेगळं. १८६५० वर ९९०० लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे जा. त्या आकारात ३५००च्या आसपासच मजल जाते.)

मग कोणी हुशार मित्र सांगतो, "लिनिअर नको, बक कन्व्हर्टर लाव, नव्वद टक्के एफिशियन्सी." एलएम २५९६चं ते निळं मॉड्यूल, वर पिवळ्या-पांढऱ्या रंगाची कॉइल. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून अर्धा-एक अँपिअर काढायचा असेल तर तो बरोबर बोलतोय. पण या चिपलाही चालू असताना स्वतःपुरते ५ मिलिअँपिअर लागतातच. ०.३ मिलिअँपिअरच्या डिस्प्लेसाठी तो लावणं म्हणजे पावशेर दूध आणायला ट्रॅक्टर काढणं.

ज्याची गरज आहे तो पार्ट दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा असतो. एचटी ७३३३. देतो ३.३ व्होल्ट, ताकद २५० मिलिअँपिअर, आणि स्वतःचा खर्च ४ मायक्रोअँपिअरच्या आसपास. मिलि नाही, मायक्रो. एएमएस १११७च्या हजारपटीने कमी! छोट्या लोडला इनपुट आणि आऊटपुटमध्ये व्होल्टच्या दहाव्या भागाइतकाही फरक लागत नाही. एमसीपी १७०० हा त्याच जातीचा, त्याला २ मायक्रोअँपिअरसुद्धा लागत नाहीत, फक्त इनपुट सहा व्होल्टच्या वर न्यायचं नाही. एचटी बारापर्यंत सहन करतो. दुकानात "३.३चा रेग्युलेटर द्या" म्हणालात तर १११७च हातात येईल, म्हणून नंबर सांगून मागा. पायांचा क्रमही १११७पेक्षा वेगळा असतो, तेव्हा सोल्डरिंग गन तापवण्याआधी डेटाशीटमधलं चित्र बघा. इनपुटला आणि आऊटपुटला एकेक १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला विसरू नका.

मागच्या दाराने येणारे पाच व्होल्ट

डिस्प्लेच्या सप्लायला ३.३ दिले, पण डेटाच्या तारांचं काय? उनो पाच व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्याच्या पिना 'एक' पाठवायचा म्हणजे पाच व्होल्ट पाठवतात. ५११०ला अशा पाच तारा जातात. चिपच्या आतले संरक्षक डायोड हे जादाचे व्होल्ट सप्लायच्या लाइनमध्ये ढकलतात. कधीकधी तर सप्लायची तार काढली तरी पडद्यावर फिकट अक्षरं दिसत राहतात. ती जादू नाही, डेटाच्या तारांमधून डिस्प्ले चोरून जेवतोय. यात चिप लगेच मरत नाही, म्हणून "माझं तर चालतंय" म्हणणारे भरपूर भेटतील.

सोपा उपाय, प्रत्येक डेटा तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर. त्याने घुसणारा करंट ०.१ मिलिअँपिअरच्या घरात राहतो. नीट करायचं तर सीडी ४०५० ही बफर चिप ३.३वर चालवा, तिच्या इनपुटला पाच व्होल्ट चालतात. पण माझं ऐकाल तर दोन्ही करू नका. कंट्रोलरच ३.३वर आणा.

कारण उनोवरची एटीमेगा ३२८पी चिप काही पाच व्होल्टलाच बांधलेली नाही. २.७ व्होल्टपासून वर ती १० मेगाहर्ट्झपर्यंत व्यवस्थित चालते, म्हणूनच प्रो मिनी बोर्डाची ३.३ व्होल्टची आवृत्ती १६ऐवजी ८ मेगाहर्ट्झवर येते. सगळं ३.३वर आलं की लेव्हलची भानगडच मिटते. वर नफाही आहे. अशा चिपमध्ये काम करताना जळणारी पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाचाचे ३.३ केले की ती ४४ टक्क्यांवर येते, क्लॉक अर्धा केला की आणखी अर्धी. कोठीतलं तापमान दाखवायला १६ मेगाहर्ट्झ कशाला हवेत?

प्रो मिनीवर एक पॉवरचा एलईडी असतो, रात्रंदिवस जळणारा. तो उखडून टाका. बोर्डावरचा रेग्युलेटरही काढा आणि एचटी ७३३३चं आऊटपुट सरळ व्हीसीसीला द्या.

सेल कोणते, याचा विचार बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात. दोन पेन्सिल सेल म्हणजे सरळ तीन व्होल्ट, रेग्युलेटरच नको, ही कल्पना पहिल्यांदा फार सुंदर वाटते. पण डिस्प्ले २.७ला हात वर करतो, म्हणजे प्रत्येक सेल १.३५वर आला की खेळ संपला आणि अल्कलाइन सेलमध्ये तेव्हा बराच जीव बाकी असतो. उलट तीन सेल घ्या, ४.५ व्होल्ट, मागे एचटी ७३३३. प्रत्येक सेल १.१-१.२ व्होल्टपर्यंत उतरला तरी डिस्प्लेला ३.३ मिळत राहतात. सेल जवळजवळ पुसून घेतला जातो. आणि लिथियमपेक्षा हे सेल मला गावासाठी बरे वाटतात. १८६५०ला चार्जर हवा, प्रोटेक्शन सर्किट हवं. पेन्सिल सेल गावच्या किराणा दुकानात मिळतो आणि आजीसुद्धा बदलू शकते. फक्त रिमोटसोबत येणारे सगळ्यात स्वस्त सेल नकोत, त्यांची क्षमता अल्कलाइनपेक्षा बरीच कमी असते. पॉवर बँकही नको. लोड इतका कमी असला की अनेक पॉवर बँकांना वाटतं, मोबाईल काढून घेतला, आणि त्या स्वतःच बंद होतात!

आता कोठीतला हिशोब

सरकारी खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, हे भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको. आपला डबा दाण्यातला ओलावा मोजत नाही. डीएचटी ११ सेन्सर मोजतो तो खोलीतल्या हवेतला दमटपणा आणि तापमान. पण पोती कुठे दमट हवेत पडलीत, कधी झरोका उघडायचा, एवढं कळलं तरी घरच्यांच्या कामाचं आहे. म्हणून हा प्रोजेक्ट 'स्मार्ट'वाल्यांपेक्षा मला जास्त आवडतो.

दर दहा मिनिटांनी एक रीडिंग. मधल्या वेळात कंट्रोलर गाढ झोपेत, सुमारे ५ मायक्रोअँपिअरवर. सेन्सरला सप्लाय कंट्रोलरच्याच एका पिनेवरून द्या, म्हणजे त्याचाही झोपेतला खर्च शून्य. रीडिंगआधी पिन चालू करा, एक सेकंद थांबा, वाचा, बंद करा. डिस्प्ले मात्र सतत चालू, कारण येता-जाता आकडा दिसायला हवा. बॅकलाइट बटणावर.

बेरीज करा: डिस्प्ले ०.३, जागेपणीचा सरासरी खर्च ०.०२, झोप आणि रेग्युलेटर मिळून ०.०१. एकूण ०.३३ मिलिअँपिअर. दोन हजारच्या सेलवर सहा हजार तास, म्हणजे कागदावर आठ महिने. दिवाळीनंतर धान घरी आलं तेव्हा सेल टाकले तर आषाढापर्यंत. सेलची झीज धरून सहाच महिने मिळाले तरी रोवणीच्या आधीचा बहुतेक काळ निघाला. हाच डबा उनोवर असता तर ४४ तास. फक्त रेग्युलेटर १११७ ठेवला असता तर पंधरा दिवस. कोड तोच, डिस्प्ले तोच.

हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून रिपोर्टात उतरवू नका, मोजा. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. त्याच्या मायक्रोअँपिअर रेंजवर सरळ मोजायला गेलात तर कंट्रोलर जागा होताना मीटरमध्येच इतके व्होल्ट पडतात की तो रिसेट होतो. त्यापेक्षा सेलच्या तारेत १० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. ३ दिसले तर ०.३ मिलिअँपिअर, तुम्ही जिंकलात. ५० दिसले तर कुठेतरी एक १११७ अजून लपून बसलाय.

एक गोष्ट उन्हाळ्यासाठी. पारा ४५वर गेला आणि डबा टिनाच्या छपराखाली असला की द्रवस्फटिक तापतात, कॉन्ट्रास्ट बदलतो आणि पडदा काळवंडतो. डिस्प्ले जळाला असं समजून फेकू नका. लायब्ररीत कॉन्ट्रास्टचा जो आकडा देता, बहुधा पन्नास-साठच्या मधला, तो दोन-चारने खाली आणा. सेन्सरकडे तापमान आहेच, तेव्हा ४० अंशांच्या वर गेलं की आकडा आपोआप उतरेल अशी एक ओळ कोडमध्ये टाकून ठेवा. डिसेंबरच्या पहाटे तोच पडदा फिका पडतो, त्यासाठी दुसरी ओळ उलट्या दिशेची.